अरल समुद्राचा ऱ्हास

अरल समुद्र : मध्य आशियातील, बाहेर वाट नसलेले एक खारे सरोवर. कझाकस्तानचा नैर्ऋत्य भाग व उझबेकिस्तानातील काराकाल्पाकस्तान हे स्वायत्त प्रजासत्ताक यांच्या सीमेवर ते पसरलेले होते. प्रचंड विस्तार व खारे पाणी यांमुळे त्यास समुद्र ही संज्ञा प्राप्त झाली. १९६० मध्ये त्याचे क्षेत्रफळ सु. ६८,००० चौ.किमी. असून कॅस्पियन समुद्र, सुपीरिअर व व्हिक्टोरिया यांच्या खालोखाल जगातील सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सु. ५३ मी. उंचीवर होती. सरासरी खोली सु. १६ मी. व कमाल खोली ६९ मी. होती. दर लिटर पाण्यात सु. १० ग्रॅम क्षार असत. हे प्रमाण महासागराच्या तुलनेत एक-तृतीयांशाहूनही कमी होते. तुर्की गटातील भाषांत ‘अरल’ म्हणजे बेट. हजाराहून अधिक लहानमोठ्या बेटांमुळे हे नाव रूढ झाले. पुढील अर्धशतकात या जलाशयाचा सु. नऊ-दशांश विस्तार नाहीसा झाला. हा ऱ्हास अवर्षणामुळे किंवा भूहालचालींमुळे झालेला नसून नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविण्याच्या निर्णयाचा तो परिणाम होय. समुद्र आटणार, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक होते. त्याची किंमत किती, एवढेच त्यांनी चुकीचे मोजले.

जलसंतुलन : अरल समुद्राचे अस्तित्व अमुदर्या व सिरदर्या या दोन नद्यांवर अवलंबून होते. अमुदर्या पामीर व हिंदुकुश पर्वतांतील, तर सिरदर्या तिएनशान पर्वतातील हिम व हिमनद्यांचे पाणी घेऊन कारा-कुम व किझिल-कुम या वाळवंटांमधून वाहत येते. ग्रीक लेखकांनी त्यांना अनुक्रमे ऑक्सस व जक्झार्टीझ, तर अरबांनी जैहून व सैहून म्हटले आहे. प्राचीन भारतीय वाङ्मयातील वक्षू नदी म्हणजेच ऑक्सस, असे सामान्यतः मानले जाते. समुद्रावर पाऊस फारच थोडा, वर्षाकाठी सु. १० सेंमी. पडे, उलट उन्हाळ्यातील तीव्र तापमानामुळे वर्षभरात सु. एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाफ होऊन जाई. ही तूट दोन्ही नद्या दरवर्षी सरासरी सु. ५६ घ.किमी. पाणी आणून भरून काढीत. सरोवरास बाहेर वाट नसल्याने आवक व बाष्पीभवन यांच्या मेळावरच त्याची पातळी टिकून होती. आवक घटली, की काठ मागे सरणार व उरलेले पाणी अधिक खारट होणार, हे ओघानेच येते. पाणी उथळ असल्याने पातळी थोडी उतरली तरी किनाऱ्यालगतची विस्तीर्ण भूमी उघडी पडे.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : अरलची पातळी पूर्वीही अनेकदा चढली-उतरली आहे. अमुदर्या आपला प्रवाह बदलून कधी अरलकडे, तर कधी पश्चिमेच्या सारीकामिश खोलगट भागाकडे वळत असे आणि तेथून पाणी उझबोय या पात्राने कॅस्पियनच्या दिशेने जात असे. ख्वारिज्ममध्ये जन्मलेला व भारतविषयक ग्रंथामुळे आपल्याकडे परिचित असलेला विद्वान अल् बीरूनी (९७३–सु. १०४८) याने या नदीच्या बदलत्या प्रवाहाची चर्चा केली आहे. खालच्या अमुदर्येचे खोरे प्राचीन काळापासून कालव्यांच्या जाळ्याने सुपीक झालेले होते. बांध व कालवे यांची निगा राखणे हे तेथील राज्यकर्त्यांचे प्रमुख कर्तव्य मानले जाई. १२२१ मध्ये मंगोलांनी ख्वारिज्मची राजधानी गुरगंज उद्ध्वस्त केली, तेव्हा नदीवरील बांधही फोडले. त्यानंतरच्या काळात पाण्याचा बराच भाग सारीकामिशकडे गेला व अरलची पातळी बरीच उतरली. अलीकडे कोरड्या पडलेल्या समुद्रतळावर केर्देरी येथे मध्ययुगीन कबरस्थानाचे व वस्तीचे अवशेष आढळले. त्यांवरून त्या काळी तेथे माणसे राहत होती, हे स्पष्ट होते. पुढे नदी पुन्हा अरलकडे वळली व समुद्र भरला. पूर्वीचे चढउतार नदीची दिशा बदलल्याने होत. विसाव्या शतकात मात्र नदीच वाटेत संपविली गेली.

रशियन अंमल व कापूस : रशियन नौदल अधिकारी अलेक्सेई बुताकॉव्ह याने १८४८-४९ मध्ये या समुद्राची पहिली शास्त्रीय पाहणी केली. त्यासाठी लागणारे जहाज ओरेनबर्ग येथे बांधून, सुटे करून, गवताळ प्रदेशातून गाड्यांवर लादून सिरदर्येच्या काठी आणण्यात आले होते. युक्रेनियन कवी तारास शेव्हचेन्को हा शिक्षा म्हणून सैन्यात धाडला गेला होता. या मोहिमेत त्याने चित्रकाराचे काम केले. १८६५ मध्ये ताश्कंद रशियाच्या ताब्यात आले व १८७३ मध्ये खिवाच्या खानाने रशियाचे वर्चस्व मान्य केले. याच सुमारास कापसाच्या प्रश्नाला नवे महत्त्व आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला. त्या तेजीने मुंबईच्या बाजारपेठेत अफाट पैसा आणला आणि युद्ध संपताच अनेक पेढ्या बुडाल्या, हा इतिहास महाराष्ट्रात सुपरिचित आहे. रशियन गिरण्यांनाही हीच टंचाई जाणवली. आपल्या अमलाखालील मध्य आशियात कापूस पिकविण्याचे धोरण त्यातून बळावले. १८८० नंतर तेथे लांब धाग्याच्या अमेरिकन जातींची लागवड झपाट्याने वाढली. १९०६ मध्ये ओरेनबर्ग–ताश्कंद लोहमार्ग सुरू झाल्याने कापूस रशियाकडे व धान्य मध्य आशियाकडे नेणे सुलभ झाले. या मार्गावरील अरल्स्क हे बंदर मत्स्योद्योगाचे केंद्र बनले.

वाळवंटातून आलेले पाणी समुद्रात जाऊन वाफ होणे म्हणजे अपव्यय, ही कल्पना याच काळात रूढ झाली. हवामानशास्त्रज्ञ अलेक्सांद्र व्हॉएइकॉव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी असे प्रतिपादन केले, की नद्यांचे पाणी व त्यातील सुपीक गाळ यांचा उपयोग शेतीसाठी करणे हेच प्रगत समाजास शोभते. याउलट १९०८ मध्ये अरलवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे लेफ बेर्ग यांनी या समुद्राचा इतिहास, जल व जीवसृष्टी यांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे याच समुद्राचे दोन तुकडे जेथे झाले, त्या सामुद्रधुनीस त्यांचे नाव आहे, हा एक दुर्दैवी योगायोग होय.

सोव्हिएट धोरण : क्रांतीनंतर कापसात स्वयंपूर्णता हे सोव्हिएट शासनाचे एक उद्दिष्ट ठरले. १९२१ च्या व्होल्गा खोऱ्यातील दुष्काळात लेनिनच्या आवाहनावरून अरलच्या कोळ्यांनी मासळीने भरलेले १४ डबे पाठविले. या प्रसंगाची स्मृती अरल्स्कमध्ये पुढे अभिमानाने जपली गेली. १९३९ मध्ये फरगाना खोऱ्यातील मोठा कालवा सु. १,६०,००० लोकांच्या श्रमाने ४५ दिवसांत खोदण्यात आला. १९५० नंतर कामांचा आवाका फार वाढला. १९५४ मध्ये सुरू झालेला कारा-कुम कालवा अमुदर्येचे पाणी घेऊन तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातून पश्चिमेकडे जातो. १९६२ मध्ये तो अश्काबादपर्यंत पोहोचला व पुढे त्याची लांबी १,३०० किमी.हून अधिक झाली. बहुतांशी अस्तर नसलेल्या या कालव्यातून प्रचंड पाणी वाळूत झिरपून जाते. सिरदर्येच्या काठचे ‘भुकेले मैदान’ म्हणून ओळखले जाणारे माळरानही १९५६ पासून लागवडीखाली आणण्यात आले. अरलच्या खोऱ्यातील ओलिताचे क्षेत्र १९६० मध्ये सु. ४५ लाख हेक्टर होते. १९८० नंतर ते ७० लाख हेक्टरांवर गेले.

१९६० पूर्वीही या खोऱ्यात लाखो हेक्टर जमीन ओलिताखाली होती, तरी समुद्राची पातळी स्थिर होती. ही जुनी शेती नदीकाठच्या सखल पट्ट्यात असल्याने शेतातून झिरपलेले पाणी बऱ्याच अंशी नदीत परत येई. शिवाय पूरमैदानात व बोरूच्या दलदलीत पूर्वी वाया जाणारे पाणीच काही प्रमाणात शेतीला लागले होते. नवे कालवे मात्र नदीपासून दूर, रुक्ष व क्षारयुक्त जमिनीत गेले. तेथे दिलेले पाणी नदीकडे परतले नाही. निचऱ्याचे पाणी वाळवंटातील खोलगट भागांत साठून तेथेच वाफ झाले. सारीकामिश व आयदारकुल ही आजची विस्तीर्ण सरोवरे अशा निचऱ्याच्या व सोडून दिलेल्या पाण्यानेच मोठी झाली. अरलच्या वाट्याचे पाणी अशा रीतीने इतरत्र पसरले. शिवाय जमिनीतील क्षार वर येऊ लागल्याने ते धुऊन काढण्यासाठी दर हंगामापूर्वी आणखी पाणी द्यावे लागले.

समुद्र आकसणार हे नियोजनकारांनी गृहीत धरलेले होते. समुद्रास मिळणाऱ्या पाण्यापेक्षा शेतीस दिलेल्या पाण्याचे उत्पन्न कितीतरी पट अधिक आहे, असा हिशेब मांडला गेला. त्या हिशेबात एका बाजूस कापूस व भात होता. दुसऱ्या बाजूस मुख्यतः मासळी. हवामानावरील परिणाम किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यापुरताच राहील आणि उघड्या तळावर मिठाचे कठीण कवच तयार होऊन धूळ उडणार नाही, असे काही तज्ज्ञांचे मत होते. गंभीर परिणामांचा इशारा देणारे शास्त्रज्ञही होते. त्यांचे म्हणणे मागे पडले. ज्या पिकासाठी हे सर्व झाले, त्याचे आकडेही विश्वसनीय नव्हते : १९८० च्या दशकात उझबेकिस्तानातील कापूस-घोटाळा उघडकीस आला, तेव्हा लक्ष्यपूर्ती दाखविण्यासाठी अनेक वर्षे न पिकलेल्या कापसाची नोंद केली जात होती, असे आढळून आले.

समुद्राचा संकोच : १९६१ पासून पातळी उतरू लागली. १९६० च्या दशकात ती वर्षाला सरासरी सु. २० सेंमी., १९७० च्या दशकात सु. ५०–६० सेंमी. व १९८० च्या दशकात सु. ८०–९० सेंमी. या वेगाने घटली. १९८० नंतरच्या काही वर्षी दोन्ही नद्यांचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही. १९८७–८९ च्या सुमारास बेर्ग सामुद्रधुनी कोरडी पडून समुद्र दुभंगला : उत्तरेस सिरदर्येवर अवलंबून असलेला लहान अरल व दक्षिणेस अमुदर्येवर अवलंबून असलेला मोठा अरल. पुढे मोठ्या अरलचेही उथळ पूर्व खोरे व अरुंद, खोल पश्चिम खोरे असे भाग पडले. २०१४ च्या उन्हाळ्यात पूर्व खोरे पूर्णपणे आटल्याचे उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांत दिसले. त्यानंतर पावसाळी वर्षांत तेथे थोडे पाणी येते व पुन्हा आटते.

मत्स्योद्योग : १९६० पूर्वी येथे वर्षाला ४० हजार टनांहून अधिक मासळी मिळे. कार्प, ब्रीम, स्टर्जन या महत्त्वाच्या जाती होत. काराकाल्पाकस्तानातील मुयनाक येथे मासळी डबाबंद करण्याचा मोठा कारखाना होता. लवणता वाढत गेली तशी गोड्या व मचूळ पाण्यातील माशांची पैदास थांबली. त्रिभुज प्रदेशांतील अंडी घालण्याच्या उथळ जागा तर आधीच कोरड्या पडल्या होत्या. १९८० नंतर लवकरच व्यापारी मासेमारी बंद पडली. किनारा दूर जाऊ लागला, तेव्हा बंदरांपासून पाण्यापर्यंत चर खोदून होड्यांना वाट करून देण्यात आली. दरवर्षी चर लांबवीत गेले, पण समुद्राने त्यांना मागे टाकले. कामगारांचा रोजगार टिकावा म्हणून मुयनाकच्या कारखान्यासाठी दूरच्या महासागरांतील गोठविलेली मासळी आगगाडीने आणली जाई. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर तीही थांबली. मुयनाकपासून समुद्र १०० किमी.हून अधिक दूर गेला असून पूर्वीच्या बंदरात वाळूत रुतलेली गंजकी जहाजे आज पाहावयास मिळतात.

हवामान व आरोग्य : उघड्या पडलेल्या तळाचे क्षेत्र ५०,००० चौ.किमी.हून अधिक असून त्यास अरल-कुम म्हणजे अरलचे वाळवंट असे नाव पडले आहे. मिठाच्या कठीण कवचाची अपेक्षा फोल ठरली. १९७५ पासून या तळावरून उठणारे धुळीचे लोट अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसू लागले. या धुळीत क्षारांबरोबरच शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके व कापसाची पाने झडविण्यासाठी फवारलेली रसायने यांचे अंश असतात. समुद्राचा सौम्य प्रभाव नाहीसा झाल्याने परिसरातील उन्हाळे अधिक उष्ण व हिवाळे अधिक थंड झाले. पिकांचा हंगाम त्यामुळे आखूड झाला. अशा रीतीने ज्या कापसासाठी समुद्राचा बळी दिला, त्या कापसालाच खालच्या खोऱ्यात प्रतिकूल परिस्थिती निर्माण झाली. नदीकाठची तुगाई नावाने ओळखली जाणारी दाट वने व बोरूची बेटे बव्हंशी नष्ट झाली. सर्वांत जड भार त्रिभुज प्रदेशांतील लोकांवर पडला. वरच्या भागातील शेतांचा निचरा मिसळलेले नदी-कालव्यांचे पाणीच त्यांना पिण्यासाठी वापरावे लागे. रक्तक्षय, श्वसनाचे व मूत्रपिंडाचे विकार, क्षयरोग व बालमृत्यू यांचे प्रमाण काराकाल्पाकस्तानात व कझाकस्तानच्या किझिल-ओर्दा भागात चिंताजनक झाले. अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले.

व्होझ्रोझ्देनिया या बेटावर सोव्हिएट लष्कराचे जैविक शस्त्रांचे चाचणी-केंद्र होते. १९७१ मध्ये अरल्स्क येथे देवीची साथ उद्भवून तिघांचा मृत्यू झाला. या साथीचा संबंध तेथील चाचणीशी जोडला जातो. १९९२ मध्ये केंद्र बंद झाले. पाणी आटून २००१ च्या सुमारास हे बेट मुख्य भूमीस जोडले गेले, तेव्हा तेथे पुरलेल्या काळपुळीच्या जंतूंचा धोका वाढला व २००२ मध्ये ते उझबेक व अमेरिकन पथकांनी नष्ट केले.

उपाययोजनांचे प्रयत्न : ऑब व इर्तिश या सायबेरियातील नद्यांचे पाणी दोन हजार किमी.हून लांब कालव्याने मध्य आशियात आणण्याची योजना अनेक वर्षे विचाराधीन होती. मूळ पाणीवापरात काटकसर करण्याचा प्रश्न या आशेवर पुढे ढकलला गेला. सेर्गेई झालिगिन यांच्यासारखे लेखक व अनेक शास्त्रज्ञ यांच्या विरोधानंतर ऑगस्ट १९८६ मध्ये ती सोडून देण्यात आली. ग्लासनोस्तच्या काळात अरलविषयी उघडपणे लिहिले जाऊ लागले आणि सप्टेंबर १९८८ मध्ये समुद्राकडे अधिक पाणी सोडण्याचा शासकीय निर्णय झाला. तीनच वर्षांनी सोव्हिएट संघ विघटित होऊन एका खोऱ्याचे पाणी पाच स्वतंत्र देशांत विभागले गेले. १९९२ मध्ये या देशांनी जलवाटपाचा समन्वय साधणारा आयोग व १९९३ मध्ये अरल समुद्र बचाव निधी स्थापन केला. तथापि हितसंबंधांचा विरोध कायम राहिला. वरच्या भागातील किर्गिझस्तानला टोकटोगुल धरणाचे पाणी हिवाळ्यात विजेसाठी सोडावयाचे असते, तर खालच्या देशांना ते उन्हाळ्यात शेतीसाठी हवे असते.

उत्तरेकडील लहान अरलच्या बाबतीत मात्र मर्यादित यश आले. स्थानिक लोकांनी व प्रशासनाने १९९२ मध्ये बेर्ग सामुद्रधुनीत मातीचा बांध घातला. तो वारंवार फुटला व एप्रिल १९९९ मध्ये वादळात वाहून गेला. त्या अल्प काळात पाणी चढते व मासळी परतते, हे दिसून आले होते. त्या अनुभवावर कझाकस्तान शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने सु. १३ किमी. लांबीचा कोक-अरल बंधारा २००५ मध्ये पूर्ण केला. सिरदर्येचे पाणी दक्षिणेकडे निसटून जाणे थांबल्याने वर्षभराच्या आतच पातळी ४२ मीटरपर्यंत चढली. लवणता घटली, गोड्या पाण्यातील मासे परतले व अरल्स्कच्या परिसरात मासळीचे कारखाने पुन्हा सुरू झाले. जुन्या समुद्राच्या तुलनेत हा जलाशय अगदी लहान, सु. ३,३०० चौ.किमी.चा आहे, आणि त्यास अडविलेले पाणी तेवढे दक्षिणेस कमी मिळते.

दक्षिणेकडे असा बंधारा शक्य झाला नाही, कारण अडविण्याजोगे पाणीच अमुदर्येतून तेथवर क्वचित येते. पश्चिम खोऱ्यातील उरलेले पाणी महासागराच्या कित्येक पट खारट असून त्यात मासे जगत नाहीत; आर्टेमिया हा सूक्ष्म कवचधारी प्राणी तेवढा आढळतो व त्याची अंडी गोळा करून विकली जातात. कोरड्या तळावर नैसर्गिक वायूचे उत्खनन होते. धूळ रोखण्यासाठी उझबेकिस्तानने २०१८ नंतर साक्सौल या वाळवंटी झुडपाची मोठ्या प्रमाणावर लागवड हाती घेतली. समुद्र परत आणणे हे या उपायाचे उद्दिष्ट नाही. त्याच्या अभावात जगता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

ऐतिहासिक महत्त्व : अरलच्या उदाहरणात अज्ञानाचा भाग थोडा व गणनेतील वगळणुकीचा मोठा आहे. कापसाचे मोल टनांत व रुबलांत नोंदले गेले. स्वच्छ पिण्याचे पाणी, सौम्य हिवाळा, धूळविरहित हवा व बालकांचे आरोग्य यांसाठी त्या हिशेबात रकानाच नव्हता. लाभ वरच्या खोऱ्यातील शेतांना व दूरच्या गिरण्यांना मिळाला. हानी मात्र टोकाशी राहणाऱ्या, निर्णयात वाटा नसलेल्या लोकांना सोसावी लागली. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९९२ च्या जलवाटप करारात सहभागी नसलेल्या अफगाणिस्तानने २०२२ मध्ये अमुदर्येवरून सु. २८५ किमी. लांबीचा कोश तेपा कालवा खोदण्यास प्रारंभ केला. दीर्घकाळ युद्धाने पोळलेल्या त्या देशाची अन्नाची गरज खरी आहे आणि नदीच्या पाण्यावरील त्याचा हक्कही नाकारता येत नाही. परंतु आधीच टोकापर्यंत न पोहोचणाऱ्या नदीतून आणखी पाणी उचलले जाईल, तेव्हा कोणाच्या वाट्याचे कमी होणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. एका नदीचे पाणी पिणाऱ्या सर्वांनी मिळून तिचा हिशेब मांडल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही. लहान अरलच्या काठी परतलेल्या होड्या हे दाखवितात, की ऱ्हास काही अंशी मागे फिरविता येतो. मुयनाकच्या वाळूतील जहाजे हे दाखवितात, की विलंब फार झाला तर तसे करणे अशक्यप्राय होते.